इराणची 1979 ची क्रांती का झाली? कारणांचे सिद्धांत कुठे टिकतात, कुठे गळतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: इराणच्या इस्लामी क्रांतीची कारणं सांगणारे सिद्धांत एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी तेलाच्या पैशाकडे बोट दाखवतं, कुणी घाईघाईच्या आधुनिकीकरणाकडे, कुणी शिया परंपरेकडे, कुणी अमेरिकेकडे, तर कुणी शहाच्या, म्हणजे या क्रांतीने पाडलेल्या राजाच्या, आजाराकडे. एम.ए.च्या पातळीवर उत्तर लिहायचं तर यातला कोणता धरायचा?

एकच धरू नका. पण सगळ्यांची यादी करून प्रत्येकाला सारखंच माप देऊनही चालणार नाही. हे सिद्धांत आपसात भांडतात असं वाटतं, कारण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. लोक का चिडले, हा एक प्रश्न. चिडलेले लोक एकत्र कसे आले, हा दुसरा. चार लाखांच्या घरात सैन्य असलेलं राज्य परक्या शत्रूकडून एकही लढाई न हरता का कोसळलं, हा तिसरा. आणि हे सगळं 1978 मध्येच का, हा चौथा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याला चिकटवलं की मांडणी बिघडते, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

सुरुवात चिडण्यापासून करू. जेम्स डेव्हिसने 1962 मध्ये मांडलेला जे-वक्र आणि टेड गरची 1970 ची सापेक्ष वंचितता, ही दोन्ही मांडणी सांगतात की लोक नुसत्या गरिबीमुळे उठत नाहीत. बरे दिवस येताहेत अशी आशा लागते आणि मग हातातला घास निसटतो, तेव्हा उठतात. इराणवर हे वरवर चपखल बसतं. 1973 च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले. ऑगस्ट 1974 मध्ये रामसरच्या बैठकीत पाचव्या योजनेचा खर्च जवळपास दुप्पट करण्यात आला. त्यानंतर बंदरांत जहाजं महिनोन्महिने माल उतरवण्याची वाट पाहत उभी राहिली, तेहरानमधली घरभाडी आकाशाला भिडली, 1977 च्या उन्हाळ्यात राजधानीत वीज जाऊ लागली. ऑगस्ट 1977 मध्ये बारा वर्षं पंतप्रधान असलेल्या हुवैदांना हटवून जमशीद आमुझेगार यांना आणलं. त्यांनी खर्चाला कात्री लावली, बांधकामं थंडावली आणि रोजंदारीवरच्या माणसाचं काम गेलं.

आता हा सिद्धांत तपासा. तेलाच्या तेजीमंदीचे असेच हिसके नायजेरिया, व्हेनेझुएला, अल्जीरिया यांनाही बसले. तिथे त्या वर्षांत क्रांती झाली नाही. दुसरं म्हणजे, ज्यांचा घास सर्वांत आधी गेला ते शहराच्या कडेला झोपड्यांत राहणारे नवे स्थलांतरित. तेच सुरुवातीला सर्वांत कमी दिसले. फरहाद काझमी आणि पुढे आसेफ बयात यांनी या वस्त्यांचा अभ्यास केला. या लोकांचा दिवस पाणी, वीज आणि डोक्यावरचं छप्पर टिकवण्यात जात होता, आणि मोर्च्यांत ते मोठ्या संख्येने उतरले ते बऱ्याच उशिरा. 1977 ची शरद आणि 1978 चा वसंत यांत पुढे होते ते विद्यार्थी, लेखक, वकील, मदरशांतले तालिब, म्हणजे धर्माचे विद्यार्थी, आणि बाजारातले व्यापारी. ‘गरिबांचा उठाव’ हे वाक्य उत्तरात आलं की परीक्षकाला लगेच कळतं की तारखा पाहिलेल्या नाहीत. चीड हा कच्चा माल आहे, तो पुष्कळ देशांत पडलेला असतो.

इथून राज्याकडे वळायला हवं. 1970 मध्ये हुसेन महदवी या इराणी अर्थतज्ज्ञाने ‘रेंटिअर स्टेट’ ही कल्पना मांडली. आपल्या भाषेत सांगायचं तर खंडावर जगणारं राज्य. जमीनमालकाला शेतात न राबता खंड मिळतो, तसा या राज्याला परदेशातून तेलाचा पैसा आयता मिळतो. सत्तरच्या दशकाच्या मध्याला इराण सरकारच्या महसुलाचा तीन चतुर्थांशांहून मोठा हिस्सा तेलातून येत होता. कर गोळा करायचे नाहीत, म्हणून करदात्यांशी बोलायचं नाही. कुठल्याही वर्गाशी देवाणघेवाण नाही, म्हणून अडचणीच्या दिवशी राजाच्या बाजूने उभा राहणारा वर्गही नाही. 1962-63 च्या भूसुधारणांनी जुने जमीनदार, म्हणजे राजेशाहीचा पारंपरिक आधार, कमकुवत झाले होते. नवा मध्यमवर्ग संख्येने वाढला, पण त्याला राजकारणात जागा मिळाली नाही. मार्च 1975 मध्ये दोन सरकारी पक्षही बंद करून एकच रस्ताखीज पक्ष उभा केला. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी देश सोडावा, असं शहाने जाहीरपणे सांगितलं. एरवंद अब्राहामियान यांचा असमान विकासाचा सिद्धांत नेमकं हेच पकडतो: अर्थव्यवस्था धावली, राजकारण जागेवर गोठवलं, आणि समाज व राज्य यांना जोडणारे जे थोडे दुवे उरले होते तेही 1975 नंतर तोडले.

समाजशास्त्रज्ञ थेडा स्कॉचपोल हे नाव या विषयात टाळता येत नाही. फ्रान्स, रशिया आणि चीन यांवरच्या 1979 च्या ग्रंथात त्यांचं म्हणणं होतं की क्रांत्या कुणी करत नाही, त्या येतात: बाहेरच्या युद्धाने किंवा स्पर्धेने राज्य खिळखिळं होतं, तिजोरी रिकामी होते, खेड्यांत शेतकरी उठतात. ग्रंथ आला त्याच वर्षी इराणने त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम खोटं ठरवलं. युद्ध नव्हतं, तिजोरीत पैसा होता, खेडी शांत होती. 1982 च्या लेखात स्कॉचपोल यांनी हे प्रामाणिकपणे मान्य केलं. जाणूनबुजून ‘केलेली’ एखादी क्रांती असेल तर ती ही, असं म्हणत त्यांनी खंडावर जगणारं राज्य आणि शिया संस्था यांची जोड दिली. अभ्यासकाने स्वतःचा सिद्धांत असा भर चौकात दुरुस्त करणं विरळाच, म्हणून तो लेख मूळ ग्रंथाच्या जोडीनेच वाचावा. तरी त्यात एक फट राहते. खंडावर जगणारं राज्य एकाकी का पडतं हे कळतं, पण एकाकी राज्यं दशकानुदशकं टिकतातही, सौदी अरेबिया समोर आहे.

मग इराणात वेगळं काय होतं? माझ्या मते उत्तराचा गाभा बाजारात आहे, आणि बहुतेक उत्तरांत तो एका ओळीत उरकला जातो. तेहरानचा किंवा तब्रीझचा बाजार म्हणजे नुसती दुकानांची रांग नव्हे. घाऊक व्यापारी, सावकार, कारागीर, हमाल आणि शिकाऊ पोरं एकाच छताखालच्या गल्ल्यांत, मध्ये मशीद, शेजारी मदरसा. आधुनिक दुकानं आणि बँका येऊनही सत्तरच्या दशकात किरकोळ व्यापाराचा सुमारे दोन तृतीयांश हिस्सा बाजाराच्या हातात होता असं अब्राहामियान नोंदवतात. हा व्यापारी धर्मगुरूला खुम्स देतो, म्हणजे वर्षाचा खर्च भागून उरलेल्या मिळकतीचा पाचवा हिस्सा. तो सरकारमार्फत जात नाही. व्यापारी ज्या आयातुल्लाहला, म्हणजे वरिष्ठ शिया धर्मगुरूला, आपला मार्गदर्शक मानतो त्याच्या प्रतिनिधीकडे थेट जातो. त्यातून तालिबांचे विद्यावेतन, मदरसे, दवाखाने चालतात. इजिप्तमध्ये अल-अझहर विद्यापीठाचे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सरकारी पगारावर होते; इराणचे उलेमा बाजाराच्या पैशावर. 1891-92 चं तंबाखू आंदोलन आणि 1906 ची राज्यघटना मिळवून देणारी चळवळ, दोन्ही याच जोडीने चालवल्या.

या जागी शहाने 1975 मध्ये हात घातला. महागाई स्वतःच्या खर्चामुळे वाढली होती, पण दोष नफेखोरांवर टाकला. रस्ताखीज पक्षाच्या वतीने सुमारे 10 हजार विद्यार्थ्यांची पथकं बाजारात उतरवली. दुकानात शिरायचं, भावफलक तपासायचा, ठरवलेल्या भावापेक्षा जास्त दिसलं की तिथल्या तिथे नोंद. मग खास न्यायालयं, दंड, दुकानाला टाळं, कुणाला कैद, कुणाला गावाबाहेर हद्दपारी. घाऊक भावच जास्त असताना साखर, मांस किंवा कापड ठरवलेल्या भावात विकणं दुकानदाराला शक्यच नव्हतं, म्हणजे प्रामाणिक माणूसही गुन्हेगार ठरत होता. त्याच वर्षी मशहदमध्ये इमाम रझांच्या दर्ग्याभोवतीचा जुना बाजार पाडला. पुढच्या वर्षी हिजरी सौर पंचांग काढून सायरसपासूनचं शाही पंचांग लावलं. 1355 साल एका फटक्यात 2535 झालं. दुकानदाराच्या रोजच्या खतावणीवर राजाने आपली तारीख लिहिली, असा हा प्रकार होता. मिसाघ पारसा यांचा साधनसंपत्ती-संघटनेचा सिद्धांत इथून सुरू होतो: बाजाराकडे पैसा, जागा, ओळखी आणि दुकानं बंद ठेवण्याची ताकद होती, आणि आता राज्याविरुद्ध थेट कारणही मिळालं.

‘मशिदींचं तयार जाळं’ हा वाक्प्रचार मात्र जपून वापरा. जाळं होतं, पण ते 1977 मध्ये आयातुल्लाह खोमेनींच्या, म्हणजे पुढे क्रांतीचे नेते ठरलेल्या धर्मगुरूंच्या, हातात नव्हतं. 1963 च्या जूनमध्ये त्यांना अटक झाली आणि त्यावरूनच उठाव पेटला. अमेरिकी लष्करी लोकांना इराणी कायद्यापासून सूट देणाऱ्या कायद्यावर तुटून पडल्याने नोव्हेंबर 1964 मध्ये आधी तुर्कस्तानात आणि मग इराकात नजफला हद्दपारी झाली. कोम या धर्मशिक्षणाच्या शहरातले ज्येष्ठ आयातुल्लाह शरियतमदारी, गुलपायगानी, मरअशी-नजफी सावध होते. शरियतमदारींची मागणी 1906 च्या घटनेची अंमलबजावणी एवढीच होती. नजफचे खोई राजकारणापासून लांब राहत. क्रांतिकारी तालिबांनी आणि बाजारातल्या गटांनी 1978 मध्ये एकेक मशीद, एकेक धर्मगुरू आपल्याकडे ओढला. मे 1978 मध्ये सुरक्षादलं शरियतमदारींच्या घरात घुसली आणि तिथे रक्त सांडलं, त्यानंतर त्यांनाही गप्प राहणं जड गेलं. म्हणजे धर्मसंस्था हे आयतं साधन नव्हतं, चळवळ चालू असताना ते साधन घडवलं गेलं.

शिया संस्कृतीचा सिद्धांतही याच कसोटीवर लावा. करबलाच्या लढाईची कथा, तिथे मारले गेलेले हुतात्मा इमाम हुसेन, त्यांच्याविरुद्धचा जुलमी खलिफा यझीद, या प्रतिमा शेकडो वर्षं होत्या आणि बहुतेक काळ लोकांनी त्यांतून रडण्याचा अर्थ घेतला, लढण्याचा नव्हे. अर्थ बदलण्याचं काम साठ-सत्तरच्या दशकांत झालं. जलाल आल-ए-अहमद यांनी पाश्चात्त्यांच्या नादाला रोग म्हटलं. अली शरीअती यांनी तेहरानच्या हुसेनिये इरशाद या धार्मिक संस्थेतल्या व्याख्यानांतून हुसेनला आजच्या अन्यायाविरुद्ध उभं केलं आणि शिकलेल्या तरुणांना धर्माची भाषा परत दिली. खोमेनींनी ती भाषा राजाविरुद्ध वापरली.

पण संस्कृतीचा सर्वांत ठोस परिणाम विचारांत नाही, पंचांगात दिसतो. मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस. 7 जानेवारी 1978 ला ‘इत्तेलाआत’ दैनिकात खोमेनींची बदनामी करणारा लेख टोपणनावाने आला; त्यात त्यांच्या हिंदुस्थानी मुळावरही बोट ठेवलं होतं. (त्यांचे आजोबा बाराबंकीजवळच्या किंतूरहून गेलेले, हे खरंच.) 9 जानेवारीला कोममध्ये तालिबांच्या निदर्शनांवर गोळीबार झाला. आता दिवस मोजा: चाळीस दिवसांनी 18 फेब्रुवारी, तब्रीझ, तिथे माणसं मेली. पुढचे चाळीस, 29-30 मार्च, यझ्द आणि इतर शहरं. पुढचे चाळीस, मे महिन्याचा दुसरा आठवडा. प्रत्येक शोकसभेतून नवे मृत्यू आणि नवी तारीख. कुणी बैठक बोलवावी लागत नाही, पत्रक छापावं लागत नाही, कधी आणि कुठे जमायचं हे सगळ्यांना माहीत. आणि शोकाला जमलेल्यांना अडवणं पोलिसांनाही अवघड.

मात्र इथे थांबलेलं उत्तर चुकतं. जूनमध्ये ही साखळी तुटली. 17 जूनला धर्मगुरूंनी लोकांना घरीच बसायला सांगितलं आणि दिवस शांत गेला. ऑगस्ट 1978 मध्ये सीआयएच्या एका अहवालात इराणमध्ये क्रांतिपूर्व परिस्थितीसुद्धा नाही असं लिहिलं गेलं. तो अहवाल आज हास्यास्पद वाटतो, पण जून-जुलैच्या तारखा समोर ठेवल्या तर तो का लिहिला गेला हे कळतं. ज्या सिद्धांतात ही उन्हाळ्यातली शांतता बसत नाही, तो अपुरा आहे.

पुढचं वळण तीन आठवड्यांत आलं. 19 ऑगस्टला आबादानचं रेक्स सिनेमागृह जळालं, चारशेच्या आसपास माणसं आत मेली. लोकांनी दोष सावाकला, म्हणजे गुप्त पोलिसांना दिला. पुढे तपासात आग धार्मिक कार्यकर्त्यांनी लावल्याचं दिसलं, पण त्या ऑगस्टमध्ये लोक काय मानत होते हेच महत्त्वाचं ठरलं. आमुझेगार गेले, शरीफ-इमामी आले. त्यांनी कॅसिनो बंद केले, शाही पंचांग मागे घेतलं. 4 सप्टेंबरला ईदच्या नमाजानंतर तेहरानमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. 8 सप्टेंबरच्या सकाळी लष्करी कायदा जाहीर झाला, अनेकांच्या कानावर तो गेलाही नव्हता, आणि झाले चौकात सैन्याने गोळ्या झाडल्या. अफवा हजारो मृतांची होती. क्रांतीनंतर इमादुद्दीन बाघी यांनी शहीद प्रतिष्ठानच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चौकात 64 आणि शहरात इतरत्र 24 मृत्यू सापडले. संपूर्ण 1978-79 साठी त्यांचा आकडा 2,781 आहे. इस्लामी प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात मात्र 60 हजारांहून अधिक हुतात्मे लिहिलेले आहेत. उत्तरात आकडा देताना कोणता, कुणाचा, हे लिहायलाच हवं.

इथे अर्थतज्ज्ञ तैमूर कुरान आणि समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कुर्झमन उपयोगी पडतात. कुरान म्हणतात, दडपशाहीत लोक खरी पसंती लपवतात, त्यामुळे राज्यालाच नव्हे तर शेजाऱ्यालाही खरं मन कळत नाही. एका आळीत दहा माणसं आहेत असं धरा. पहिला कुणी नसलं तरी बाहेर पडतो, दुसरा एकजण बाहेर दिसला की, तिसरा दोघे दिसले की, असं करत दहाही बाहेर येतात. आता फक्त दुसऱ्याची अट ‘एक’ऐवजी ‘दोन’ करा. पहिला एकटाच रस्त्यावर उभा राहतो, बाकी दारं बंद. आळीतला राग जवळपास तेवढाच, निकाल एकदम वेगळा. कुर्झमन पुढे जाऊन म्हणतात की लोक बाहेर पडले ते इतरही येणार असा विश्वास बसला तेव्हा, आणि तो विश्वास आधीच्या कुठल्याही कारणावरून मोजता आला नसता. त्यांच्या अंदाजाने लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक लोक उतरले असावेत. फ्रान्स आणि रशियाच्या क्रांत्यांत हे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या आसपास होतं. ही मांडणी ‘1978 मध्येच का’ या प्रश्नाला सर्वांत प्रामाणिक आहे. तिची मर्यादा अशी की आळी आणि तिची दारं कुठून आली हे ती सांगत नाही. त्यासाठी बाजाराकडे परत जावंच लागतं.

तिसऱ्या प्रश्नाचं, राज्य कोसळण्याचं, उत्तर मोर्च्यांत नसून संपांत आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून तेलकामगार, बँका, जकात, टपाल, वृत्तपत्रं, रुग्णालयं एकेक करून थांबली. दिवसाला 55 ते 60 लाख पिंप तेल काढणारा देश नोव्हेंबरच्या सुरुवातीला 15 लाखांच्या आसपास आला आणि वर्षअखेरीस देशापुरतंही तेल निघेना. मध्यवर्ती बँकेच्या कर्मचाऱ्यांनी परदेशी पैसा पाठवणाऱ्या बड्यांची यादी बाहेर फोडली. वीजकामगार सरकारी बातम्यांच्या वेळी वीज घालवत. संपकऱ्यांच्या घरची चूल बाजाराच्या पैशावर पेटत राहिली. जे राज्य तेलावर उभं होतं ते तेलाच्या नळावर हात ठेवणाऱ्या काही हजार कामगारांपुढे हतबल होतं, आणि इथे महदवींचा सिद्धांत पुन्हा जागेवर बसतो. खोमेनींनी विरोधी नेते बाझरगान यांच्या नेतृत्वाखाली समिती पाठवून देशांतर्गत वापरापुरतं तेल सुरू करायला लावलं आणि कामगारांनी ते मानलं. हुकूम कुणाचा चालतो हे त्या दिवशी ठरलं होतं. शहा देश सोडून गेला तो त्यानंतर, 16 जानेवारी 1979 ला.

सैन्य पूर्ण ताकदीने का वापरलं नाही, याचं अर्धं उत्तर शहाच्या स्वभावात आणि आजारात आहे. 1974 पासून त्याला रक्ताचा कर्करोग होता आणि ते गुपित होतं. 5 नोव्हेंबरला तेहरान पेटलं. दुसऱ्या दिवशी त्याने लष्करी सरकार नेमलं आणि त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला असंही सांगितलं. सैनिकाला कोणता आदेश पाळायचा ते कळेना. पण सक्तीने भरती केलेला शिपाई 10 आणि 11 डिसेंबरला, तासुआ-आशुराला, म्हणजे हुसेनच्या शोकाच्या मुख्य दिवसांना, लाखोंच्या मोर्च्यासमोर उभा होता, त्यात त्याचाच भाऊ असू शकत होता. आशुरालाच लवीझानच्या छावणीत शाही रक्षकदलातल्या सैनिकांनी अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. सगळं शहाच्या मनावर सोडू नका.

अमेरिकेच्या सिद्धांतांना फार जागा लागत नाही. 1953 मध्ये पंतप्रधान मोसादेक यांना सीआयए आणि ब्रिटिश गुप्तचरांनी पाडलं, त्याची आठवण 1978 च्या घोषणांत होती. हे कारण खरं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांच्या मानवी हक्कांच्या धोरणाने 1977 मध्ये वकील-लेखकांना धीर दिला, जाहीर पत्रं निघाली, ऑक्टोबरमध्ये तेहरानच्या जर्मन सांस्कृतिक केंद्रातर्फे दहा रात्री काव्यवाचन झालं आणि हजारो लोक ऐकायला आले. पण 31 डिसेंबर 1977 ला कार्टर स्वतः तेहरानमध्ये इराणला स्थैर्याचं बेट म्हणत होते, आणि नऊ दिवसांनी कोमचे तालिब रस्त्यावर आले. त्यांना वॉशिंग्टनकडून कुठलाही धीर मिळालेला नव्हता. ब्रिटिशांनी किंवा तेल कंपन्यांनी हे घडवलं, असं शहा शेवटपर्यंत मानत राहिला. त्याला पुरावा नाही.

शेवटची एक काळजी घ्या. शहा का पडला आणि उलेमांचं राज्य का आलं, ही दोन कारणं वेगळी लिहा. विलायत-ए-फकीह, म्हणजे धर्मवेत्त्याची राजवट, ही कल्पना खोमेनींनी 1970 मध्ये नजफच्या व्याख्यानांत मांडली होती, पण पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातोमधून मुलाखती देताना ते तिच्याबद्दल बोलत नव्हते. मार्च 1979 अखेरच्या सार्वमतात प्रश्न फक्त ‘इस्लामी प्रजासत्ताक, होय की नाही’ एवढाच होता. जून 1979 च्या घटनेच्या मसुद्यातही ती कल्पना नव्हती, आणि खोमेनी तो मसुदा किरकोळ बदलांसह मान्य करायला तयार होते. तो आधी निवडून आलेल्या सभेपुढे जावा असा आग्रह तेव्हा पंतप्रधान असलेले बाझरगान आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले बनीसद्र यांनी धरला. ऑगस्टमध्ये निवडल्या गेलेल्या 73 जणांच्या तज्ज्ञसभेत उलेमांचं बहुमत आलं आणि ते कलम तिथे घटनेत गेलं.